घाटमाथ्यावरचा थेंब

कोल्हापूरला समुद्र नाही, ही गोष्ट तिसरी-चौथीतले पोरही सांगेल. आमच्याकडे अंबाबाई आहे, तालमी आहेत, गूळ आहे, तांबडा-पांढरा रस्सा आहे आणि रंकाळा आहे. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर भेळ खात बसले असताना वारा जरा जोराने सुटला आणि दोन लाटा कट्ट्यावर आपटल्या, की आमच्यातला एखादा अभिमानी गृहस्थ ‘मुंबईच्या चौपाटीवर याहून निराळं काय असतंय?’ असेही विचारतो. पण खराखुरा समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो. आमच्या लेखी समुद्र ही मे महिन्यातल्या सहलीची गोष्ट.

मला मात्र पुष्कळ दिवसांपासून असे वाटते, की कोल्हापूरला समुद्र आहे. फरक इतकाच, की तो बाराही महिने इथे राहत नाही. जून महिना लागला की तो स्वतःच घाट चढून आमच्याकडे येतो, दोन-तीन महिने मुक्काम ठोकतो, आणि निघताना आल्या वाटेने परत न जाता आमच्या दारावरून पूर्वेच्या समुद्राकडे चालता होतो. पाहुणा मोठा दिलदार. येताना हात भरून आणतो. आमचा ऊस, आमचे भात, आमच्या म्हशींचे दूध ही सगळी त्याचीच देणगी. पण एखाद्या वर्षी त्याचे डोके फिरते, आणि मग तो दारावरून न जाता घरातून जातो.

हा विचार माझ्या डोक्यात घर करून बसण्याचे कारण माझ्या नातेसंबंधांत आहे. माझे आजोळ मालवण तालुक्यातले देवबाग. सासुरवाडी शिरोळ तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावी. एक गाव अरबी समुद्राला चिकटलेले, दुसरे कृष्णेच्या कुशीत. आणि आम्ही दोघे नवराबायको कोल्हापुरात, बरोबर मध्ये. पावसाळ्यात आमच्या घरातले संभाषण ऐकावे. मी देवबागला फोन लावून ‘उधाण किती आहे?’ म्हणून विचारतो, आणि तिकडे स्वयंपाकघरात सौभाग्यवती शिरोळला फोन लावून ‘पाणी कुठवर आलंय?’ म्हणून विचारीत असतात. दोन दिशांच्या दोन काळज्या. परंतु पाणी एकच!

ते एकच कसे, हे पाहायचे असेल तर भर पावसाळ्यात गगनबावड्याला जावे. कोल्हापुरापासून हे अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे. गाव लहान, पण पावसाच्या हिशेबात त्याची बरोबरी करणारी गावे महाराष्ट्रात फार थोडी. गाव ओलांडले की रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या बाजूला जातो. त्या घाटमाथ्यावर उभे राहिले की पुढे एकदम जमीन संपते आणि धुके सुरू होते. मागे वळून पाहावे तर हिरवी, हळूहळू उतरत गेलेली माळराने. इतका शेजार, आणि दोन बाजूंच्या स्वभावांत इतके अंतर, की एकाच आईचे दोन मुलगे आठवावेत.

आता अशी कल्पना करा, की पावसाचा एक थेंब नेमका त्या कड्यावरच्या दगडावर पडला आणि फुटून त्याचे दोन भाग झाले. एक भाग पश्चिमेला ओघळला. तो कड्यावरून उडी घेणार, ओढ्यातून शुक नदीत जाणार, तिथून वाघोटणच्या खाडीत आणि विजयदुर्गापाशी समुद्रात. कावळ्याच्या वाटेने मोजले तर हे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. दुसरा भाग चार बोटे पूर्वेला सरकला. त्याचे नशीब अगदी निराळे. तो कुंभीतून पंचगंगेत, पंचगंगेतून कृष्णेत, आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र हिंडून शेवटी बंगालच्या उपसागरात. म्हणजे हजार किलोमीटरहून अधिक प्रवास. ज्या समुद्रातून वाफ होऊन तो आला, तो समुद्र पाठीमागे हाकेच्या अंतरावर गर्जत असताना हा वेडा अख्खा दक्षिण देश पालथा घालायला निघतो! माणसांचेही पुष्कळदा असेच होते. पण ते असो.

पश्चिमेचा उतार उभा आहे, त्यामुळे तिकडच्या पाण्याला विचार करायला सवड नाही. कोकणातल्या नद्या म्हणजे धावत्या मुली. सकाळी डोंगरात पाऊस पडला, की दुपारी पायथ्याच्या गावात पाणी. आणि पाऊस थांबला, की रात्री नदी पुन्हा दगड दाखवीत बसलेली. ह्या धावण्यातच कोकणचे रूप घडले आहे. तिकडचा तांबडा जांभा दगड पाहा. तो पावसानेच केलेला आहे. मूळचा काळा खडक. त्याच्यावर लक्षावधी वर्षे ऊन-पाऊस पडत राहिला. पाण्याने त्यातले विरघळण्यासारखे होते तेवढे धुऊन नेले, आणि लोखंडाचा गंज तेवढा मागे राहिला. म्हणून कोकणची माती लाल. ज्या चिऱ्यांनी कोकणी माणूस पावसापासून बचावासाठी घर बांधतो, ते चिरेही पावसानेच घडवलेले असतात, ही मला मोठी गंमत वाटते.

परंतु धुतलेली माती जाते कुठे? ती खाडीत जाते. राजापूरला एके काळी गलबते लागत. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार तिथे होती, आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे आपण शाळेत शिकलो. आज राजापूरच्या पुलावर उभे राहून खाली पाहिले तर इथे व्यापारी जहाजे येत होती यावर विश्वास बसत नाही. खारेपाटणचेही तेच. कोणा शत्रूने ही बंदरे बुडवली नाहीत. डोंगरातून दर पावसाळ्यात उतरलेल्या मातीने ती हळूहळू बुजवली. डोंगर उघडे पडत गेले तशी माती अधिक उतरली. आणि ज्या खाडीची खोली मातीने खाल्ली, त्या खाडीत एकाच रात्री सगळे पाणी आले आणि समोरून भरतीही चढत असली, की ते पाणी बाजारपेठेत शिरते. राजापूरचे व्यापारी दर पावसाळ्यात माल वरच्या फळीवर चढवून ठेवतात, ते याचसाठी.

२२ जुलै २०२१ चा दिवस कोकण विसरणार नाही. वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये घुसले, आणि लोक कौलांवर, गच्चीवर जाऊन बसले. त्याच संध्याकाळी महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर उतरला. ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. डोंगर उतरतो म्हणजे काय? मुरलेले पाणी खाली जात जात अशा एका थरापाशी पोचते, की पुढे त्याला जाता येत नाही. मग ते तिथे साठते. वरची माती भिजून जड होते, खालचा थर निसरडा होतो. आणि ज्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी होती, तो उतारच पायाखालून निघून जातो. २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी गेली ती अशीच. पुराला आवाज असतो, पायरी असते, तो एक-एक इंच चढताना दिसतो. डोंगराचे पाणी आत काय करीत आहे, ते कोणालाच दिसत नाही.

आता माझ्या आजोळाकडे वळतो. देवबाग ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो : हाताचे एक बोट लांब करून टेबलावर ठेवा. बोटाच्या एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि नखापाशी दोहोंचा संगम. त्या बोटावर माड, घरे, देऊळ, शाळा, होड्या आणि माणसे. पलीकडच्या तीरावर भोगवे. काही ठिकाणी जमीन इतकी अरुंद, की पुढच्या अंगणात उभे राहिले तर लाटा ऐकू येतात आणि मागच्या परसात खाडीतले मासे उडताना दिसतात. लहानपणी मला वाटायचे, आपले मामा केवढे श्रीमंत! दोन-दोन समुद्र बाळगून आहेत.

हे बोट तयार केले कोणी? पाण्यानेच. नदीने डोंगरातून वाळू आणली, समुद्राने ती मागे लोटली; दोघांच्या ओढाताणीत किनाऱ्याला समांतर एक दांडा साठत गेला, आणि नदीला समुद्र शेजारी दिसत असूनही वळसा घालून जाणे भाग पडले. तेव्हा हे गाव म्हणजे जमीन नव्हेच. नदी आणि समुद्र यांच्यातला तो एक तह आहे. तह जोवर पाळला जातो तोवर गाव आहे. नदीकडून येणारी वाळू कमी झाली, खाडीतली वाळू उपसून विकली गेली, की समुद्र आपले येणे किनाऱ्याकडून वसूल करतो. एका ठिकाणी दगडांची भिंत घालून त्याला अडवले, तर लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याचे अंगण खाऊ लागते. पण म्हणून भिंत नको, असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्याच्या घराच्या पायरीला लाट लागली आहे, त्याला भिंत हवीच असते.

माझी मामी त्या घरात एकटी राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढे. माझ्या लहानपणी घर आणि समुद्र यांच्यामध्ये माडांच्या चार रांगा होत्या. आम्ही मुले सुट्टीत त्यांच्या सावलीत दिवसभर खेळायचो. आज दीड रांग उरली आहे. पडलेल्या माडांची बुंधे काही वर्षे ओहोटीच्या वेळी वाळूत दिसत. आता तीही दिसत नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, त्या रात्री तिच्या कौलांपैकी निम्मी उडाली. आम्ही पोचलो तेव्हा ती मागच्या पडवीत चूल मांडून बसली होती, आणि पहिला प्रश्न तिने विचारला तो, आम्ही जेवलो आहोत की नाही, हा.

मी तिला म्हटले, ‘‘मामी, आता पुरे झालं. कोल्हापूरला चल.’’

ती हसली. म्हणाली, ‘‘झिला, माका खय व्हरतस? आणि ह्या माडांका पाणी कोण घालतलो?’’

मी म्हटले, ‘‘अगं, माडच राहत नाहीत, तर पाणी कुणाला घालणार?’’

त्यावर तिने समुद्राकडे बोट केले आणि शांतपणे म्हणाली, ‘‘तो माझ्या घोवाक वळखता.’’ माझे मामा रापणीवरचे माणूस. उभे आयुष्य त्यांनी त्या पाण्यात जाळे ओढले. ह्या उत्तरापुढे माझे भूगोलाचे ज्ञान काय कामाचे?

मामीच्या परसात एक विहीर आहे. वाळूत खणलेली, जेमतेम पुरुषभर खोल, आणि तिचे पाणी गोड. दोन्हीकडे खारे पाणी असताना मध्ये हे गोड पाणी कुठून येते, याचे लहानपणी मला मोठे नवल वाटे. सिंधुदुर्ग किल्ल्यातही समुद्राच्या मध्यावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड विहिरी आहेत. देवबागच्या वाळूतली गोष्ट सोपी आहे. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी हलके असते. ते खालच्या खाऱ्या पाण्यावर साईसारखे तरंगते. रहाटाने चार घागरी काढल्या तर साय पुन्हा धरते. पंप लावून टाक्या भरल्या, की साय संपते आणि खालचे खारे पाणी वर येते. अलीकडे गावात पर्यटकांची वर्दळ वाढली आहे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले आहे. मामी त्याबद्दल काही बोलत नाही. चहात साखर जरा जास्त घालते.

घाटाच्या ह्या बाजूला सगळेच निराळे. इकडचे पाणी चालत येते. त्याच्या चालीत घाई नाही, आणि म्हणूनच त्याचे भय निराळे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती, अशी मिळून पंचगंगा. प्रयाग चिखलीच्या संगमापासून ती वळणे घेत, रेंगाळत नरसोबाच्या वाडीला जाते आणि कृष्णेला मिळते. पण तोवर कृष्णेने कऱ्हाडला कोयनेला आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला पोटात घेतलेले असते. ती अशी भरून आली, की पंचगंगेला दारातच थांबावे लागते. थोरली जाऊ उंबऱ्यात उभी असली की धाकटीने आत कसे शिरावे? मग पंचगंगा मागे फुगते. ह्या फुगवट्याने जे पाणी चढते, ते वाहते कमी आणि साचते जास्त. चार-चार दिवस, आठ-आठ दिवस ते उतरत नाही.

यातली एक गोष्ट मुलांना शिकवताना मला नेहमी नवल वाटते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोल्हापुरात हजाराच्या आसपास. आणि शिरोळला जेमतेम पाचशे. म्हणजे जिल्ह्यात सर्वांत कमी पाऊस शिरोळचा; आणि महापुरात सर्वांत जास्त बुडते तेही शिरोळच! आभाळ निरभ्र असते, ऊन पडलेले असते, अंगणात पापड वाळत घालावेत असा दिवस असतो, आणि नदीचे पाणी मुकाट्याने शेताच्या बांधावरून चढत असते. ते पाणी त्यांच्या आभाळातले नसतेच. साठ-सत्तर कोसांवरच्या कुठल्या तरी कड्यावर तीन दिवसांपूर्वी पडलेल्या पावसाची ती उधारी असते.

कोल्हापूरचा माणूस पावसाळ्यात फूट आणि इंच यांतच बोलतो. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ झाली की धोका. दशमान पद्धत सरकारने कधीची आणली. पण पंचगंगेने ती अजून मान्य केलेली नाही. ‘राधानगरीचं दार उघडलं’ एवढे तीन शब्द ऐकले, की नदीकाठच्या गल्ल्यांतले लोक सामान वर चढवायला लागतात. शाहू महाराजांनी भोगावतीवर हे धरण बांधायला घेतले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यांच्या हयातीत ते पुरे झाले नाही. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. त्यांना कोणाचा हुकूम लागत नाही आणि कोणाची विनवणीही चालत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, आणि जवळजवळ आठवडाभर कोल्हापूर हे एक बेट झाले. दुधाची गाडी नाही, भाजी नाही, पंपावर पेट्रोल नाही. आणि गंमत अशी, की पाणी उपसणारी केंद्रेच पाण्यात बुडाल्यामुळे नळाला पाणी नाही! चारी बाजूंना डोळे फिरतील इतके पाणी, आणि गल्लीत टँकर आला की घागरी घेऊन धावपळ. समुद्रात भरकटलेल्या खलाशांची ती जुनी व्यथा घाटावरच्या आमच्या शहराने त्या आठवड्यात अनुभवली. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, नदी ५६ फुटांवर पोचली. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणून ज्याचे वर्णन झाले होते, तो शंभरातली अठ्ठ्याण्णव वर्षे गाळून पुन्हा आला.

२०१९ मध्ये आमच्या शाळेत पूरग्रस्त कुटुंबे राहायला आली होती. सातवीच्या वर्गात बाके एकावर एक रचून आम्ही जागा केली. एक म्हातारी आली. तिच्याजवळ एक पितळी डबा आणि काखेत देव्हाऱ्यातले देव. तिने आधी वर्ग झाडून घेतला, मग फळ्याखालच्या कट्ट्यावर देव मांडले, आणि मग मला विचारले, ‘‘गुरुजी, इथं दिवा लावला तर चालंल न्हवं?’’ फळ्यावर आदल्या आठवड्यात मी काढलेली पंचगंगेची आकृती तशीच होती. पाच निळ्या रेघा आणि त्यांचा संगम. त्या आकृतीखाली तिची समई दहा दिवस तेवत होती. पुन्हा वर्ग भरले तेव्हा ती आकृती पुसायला माझा हात लवकर धजेना.

त्याच दिवसांत माझे सासरे आपल्या गावी अडकले होते. मी आणि मेहुणा बोटीतून त्यांना आणायला गेलो. कृष्णाकाठी ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला नाव उलटून कितीतरी माणसे बुडाली होती. त्यामुळे घरून निघताना बायकोने काही न बोलता फक्त पाण्याची बाटली हातात दिली होती. सासरे माडीवर बसलेले. खाली गोठ्यात पाणी. आणि दोन म्हशी जिन्याने वर आणून ओसरीच्या छपरालगत बांधलेल्या.

‘‘मामा, चला,’’ मी म्हटले.

‘‘जावईबापू, माणसाचं एक बरं असतंय,’’ ते म्हणाले, ‘‘बोलावलं की येतंय. म्हसरानं काय करावं?’’

म्हशींची वाट लागेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी मोठी बोट येईपर्यंत, ते हलले नाहीत. आणि आम्हीही तिथेच राहिलो. रात्री माडीच्या खिडकीतून काळे पाणी दिसत होते. ते इतके स्तब्ध होते, की त्यात चांदण्यांचे प्रतिबिंब पडले होते.

त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर गेरूने ओढलेल्या रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. प्रत्येक पुराचे पाणी उतरले की सासरे चिखल धुण्याआधी पाण्याची खूण पाहून रेघ ओढतात आणि साल लिहितात. त्याच भिंतीवर, हातभर बाजूला, नातवंडांच्या उंचीच्या रेघा आहेत. माझ्या मुलीने २०१९ ची रेघ गेल्या वर्षी गाठली का म्हणून मी विचारले, तर ती म्हणाली, ‘‘नाही बाबा, नदीच अजून उंच आहे.’’

मग ही माणसे तिथून निघून का जात नाहीत? शहरातले लोक हा प्रश्न सहज विचारतात. त्याचे उत्तर पाणी उतरल्यावर मिळते. नदी जाताना शेतावर गाळाचा एक थर ठेवून जाते. त्या मळीच्या रानात पिकलेली वांगी एकदा ज्याने खाल्ली, त्याने दुसरीकडच्या वांग्याचे नाव काढू नये. आणि श्रद्धाही आहे. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचे पाणी चढून देवळात शिरते, दत्तप्रभूंच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला माणसे लांबून धावत येतात. ज्या पाण्याला इतरत्र आपण आपत्ती म्हणतो, त्याच्या पहिल्या पावलाला इथे सोहळा म्हणतात. ही अंधश्रद्धा नव्हे. नदीकाठच्या माणसाला पक्के ठाऊक आहे, की जी नदी येणारच नाही, ती काही देणारही नाही.

तरीही सोहळ्याचे पाणी आणि २०१९ चे पाणी यांत अंतर आहे, हेही खरे. दर पुरानंतर आमच्याकडे वाद झडतात. कोणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतो, कोणी आमच्याच धरणांच्या दरवाजांकडे, कोणी बदललेल्या पावसाकडे. अलमट्टीवरून तर दोन्ही राज्यांत तज्ज्ञांचे एकमत नाही. पण एक गोष्ट सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नदीला पसरायला जी जागा होती, तिथे आम्ही भराव टाकला, रस्ते उंच केले, घरे आणि मंगल कार्यालये बांधली. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा ओढली, आणि मग ती रेषा थोडी अलीकडे सरकवता येईल का, याची खटपट केली. कागदावरची रेघ सरकते. सासऱ्यांच्या भिंतीवरची सरकत नाही.

प्रयाग चिखलीचे उदाहरण मला नेहमी आठवते. १९८९ च्या पुरानंतर तिथल्या लोकांना सोनतळीला उंचावर जागा मिळाल्या. अनेकांनी तिकडे घरे बांधली; पण शेत खाली, देऊळ खाली, संगम खाली. तेव्हा जुने गाव उठले नाही. पावसाळ्यात पाणी वाढले की माणसे-जनावरे सोनतळीला, उतरले की पुन्हा चिखलीला. लोक याला अर्धवट पुनर्वसन म्हणतील. मला त्यात एक शहाणपणही दिसते. नदीला दोन घरे असतात, एक उन्हाळ्याचे आणि एक पावसाळ्याचे. तिच्या शेजाऱ्यालाही दोन असावीत, हे न्यायाचेच आहे.

सासऱ्यांनी हे आपल्या परीने केले. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी गावाबाहेर टेकाडावर पत्र्याचा गोठा घातला. यंदा नदीने पात्र सोडण्याआधीच म्हशी तिकडे नेल्या. स्वतः मात्र पाणी ओसरीच्या पायरीला लागेपर्यंत गेले नाहीत. मामीसाठी असले टेकाड देवबागमध्ये नाही. तिचे सगळे गावच एका पातळीवर आहे. तिथे वर जायचे म्हणजे माडावरच चढायचे. ती अजून तिथेच आहे. मी दर पौर्णिमेला आणि अमावास्येला तिला फोन करतो, कारण उधाणाच्या भरतीचे दिवस ते असतात. ती समजते, मी देवधर्माला लागलो.

नदीशी कसे वागावे, हे खरे म्हणजे आमच्या भागाला बाहेरून शिकायची गरज नव्हती. ज्याला सगळा महाराष्ट्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतो, तो पाहा. नदीच्या पात्रात दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, बसवायचे की पाणी अडते. पण पावसाळा आला की बरगे काढून ठेवायचे. मग बंधारा नदीला अडवत नाही. तिला सगळी वाट मोकळी करून देतो आणि स्वतः निमूटपणे पाण्याखाली जातो. पाऊस संपला, नदीचा राग शांत झाला, की पुन्हा बरगे बसवायचे आणि उन्हाळ्यापुरते पाणी धरून ठेवायचे. ज्या कोणी हा बंधारा योजला, त्याला केव्हा अडवावे आणि केव्हा बाजूला व्हावे, हे दोन्ही कळत होते.

पाऊस सरला आहे. आता दिवाळीच्या सुमारास काठाकाठाने बरगे बसवण्याचे काम सुरू होईल. लोखंडी बरग्यांचा खणखणाट सकाळच्या गारव्यात लांबवर ऐकू येतो. पोरे काठावर बसून ते बघतात, गळ टाकतात, आणि एकेक फळी खाचेत उतरते तसतसे मागचे पाणी हळूहळू थांबते, निवळते, आणि त्यात आभाळ दिसू लागते.